पगार किती आणि पगार कशाचा?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा परिसरात आज अशी अनेक घरे आहेत, की जेथे मुलगा किंवा मुलगी विज्ञानाची अथवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन बसली आहे आणि पुढे काय, हा प्रश्न घरात रोज निघत आहे. सरकारी भरतीची वाट पाहावी, तर वर्षे निघून जातात. राइस मिलमध्ये हिशेबनीस व्हावे, तर शिकल्याचे चीज झाले असे वाटत नाही. नागपूर-पुण्यास जावे, तर खोलीचे भाडेच पगाराचा मोठा वाटा खाऊन टाकते. अशा वेळी एखाद्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीकडून विक्री प्रतिनिधीच्या जागेसाठी बोलावणे येते. कंपनीचे नाव मोठे, आकडा बरा आणि काम आपल्याच जिल्ह्यात. घरातील वडीलधाऱ्यांची मते मात्र लगेच दुभंगतात. एक पक्ष म्हणतो, शिकूनसवरून दारोदार माल विकायचा काय? दुसरा म्हणतो, कंपनीची नोकरी आहे, डोळे मिटून हो म्हण.

हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. विक्रीचे काम हलके मानण्याची वृत्ती ही आपल्या नोकरदार मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. वस्तू गरजूपर्यंत पोहोचविणारा माणूस ती निर्माण करणाऱ्याइतकाच अर्थव्यवस्थेला आवश्यक असतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. उलट, पगाराचा आकडा पाहून डोळे मिटणे हेही शहाणपणाचे नव्हे. कारण वैद्यकीय उपकरण ही साबण किंवा बिस्किटासारखी वस्तू नाही, आणि तिच्या विक्रेत्याचा पगार हाही इतर पगारांसारखा सरळ पगार नसतो. म्हणून पगार किती, या प्रश्नाबरोबरच पगार कशाचा, हाही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न आजच आणि कुडव्यातच का उपस्थित व्हावा, याला कारणे आहेत. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले आणि त्यासाठीची जागा कुडवा भागातच निवडली गेली. औषधनिर्माणशास्त्राचे पदवी शिक्षणही या परिसरात मिळते. जेथे वैद्यकीय महाविद्यालय येते तेथे शस्त्रक्रियागृहे, रोगनिदान प्रयोगशाळा आणि खाजगी रुग्णालये वाढतात, आणि त्यांच्या मागोमाग उपकरणांचे विक्रेतेही येतात. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार भारतातील या उपकरणांची बाजारपेठ २०२० मध्ये सुमारे ९० हजार कोटी रुपयांची होती. देशी उत्पादनास उत्तेजन देण्यासाठी त्याच वर्षी ३,४२० कोटींची प्रोत्साहन योजना आली आणि एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणास मंजुरी मिळाली. सारांश, हा धंदा वाढणार आहे आणि त्यात माणसे लागणार आहेत. कुडव्याच्या पदवीधरास ही दारे उघडी होणे, ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे.

तथापि हा बाजार सामान्य बाजार नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच असे दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेच्या बाबतीत ग्राहक आणि विक्रेता यांच्या ज्ञानात इतकी तफावत असते, की मुक्त बाजाराचे नेहमीचे नियम तेथे चालत नाहीत. भाजीबाजारात जो निवडतो तोच पैसे देतो आणि तोच खातो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या बाबतीत निवड डॉक्टर करतो, पैसे रुग्ण, विमा कंपनी किंवा सरकार देते, आणि सांधा बसतो तो रुग्णाच्या शरीरात. शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेला माणूस भाव करू शकत नाही. त्यामुळे या बाजारात स्पर्धा वाढली की किंमत उतरते, असे खात्रीने सांगता येत नाही. कित्येकदा स्पर्धा होते ती निवड करणाऱ्याची मर्जी संपादन करण्याची, आणि त्या मर्जीचा खर्च शेवटी किमतीतच मिसळला जातो.

हा केवळ तात्त्विक तर्क नाही. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयरोगात वापरल्या जाणाऱ्या स्टेंटच्या किमतींची छाननी केली, तेव्हा रुग्णालयाच्या पातळीवर ६५४ टक्क्यांपर्यंत नफा घेतला जात असल्याचे आढळले. लाख-सव्वा लाखाच्या घरात विकल्या जाणाऱ्या औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत १३ फेब्रुवारी २०१७ रोजी २९,६०० रुपये ठरविण्यात आली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ती ७,२६० रुपये होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर बंधन आले. पुढे कोरोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर यांवरील व्यापारी नफा ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित करावा लागला. सरकारला अशी मर्यादा घालावी लागली, याचाच अर्थ बाजाराने ती आपण होऊन घातली नव्हती. विक्री प्रतिनिधीचा 'इन्सेन्टिव्ह' ज्या नफ्यातून निघतो तो नफा असा बनलेला असतो, हे नोकरी पत्करणाऱ्याने समजून घेतलेले बरे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू या कंपनीने आपला एएसआर नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. तोपर्यंत तो जगात सुमारे ९३ हजार रुग्णांना बसविला गेला होता. भारतातील शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ४,७०० होती. धातूवर धातू घासून त्याचे कण रक्तात मिसळत होते आणि अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. भारतातील रुग्णांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न सरकारी समितीच्या अहवालानंतर कित्येक वर्षांनी हलला. तो लावून धरणाऱ्या रुग्णांमध्ये मुंबईचे एक गृहस्थ होते, आणि ते स्वतः एकेकाळी वैद्यकीय उपकरणांच्याच विक्रीत होते. विकणारा आणि सोसणारा यांच्यातील अंतर आपल्याला वाटते तेवढे मोठे नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

कामाचे चार प्रकार

वैद्यकीय उपकरणांची विक्री असे एकच नाव असले, तरी त्याखाली निदान चार निरनिराळी कामे येतात. पहिले, एक्स-रे, सोनोग्राफी, व्हेंटिलेटर यांसारख्या मोठ्या यंत्रांचे. येथे एक सौदा जमण्यास महिने लागतात, निविदा भराव्या लागतात आणि विक्रीनंतरच्या दुरुस्तीवरच कंपनीची पत टिकते. दुसरे, सांधे, प्लेट, स्क्रू, स्टेंट अशा शरीरात बसविण्याच्या वस्तूंचे. यात प्रतिनिधीला मध्यरात्री अपघाताचा रुग्ण आला तरी साहित्याची पेटी घेऊन शस्त्रक्रियागृहाशी हजर व्हावे लागते. तिसरे, प्रयोगशाळांचे. येथे यंत्र नाममात्र दराने ठेवले जाते आणि त्यात लागणाऱ्या रसायनांवर वर्षानुवर्षे पैसा वसूल होतो. चौथे, ग्लुकोमीटरसारख्या घरगुती साधनांचे, ज्यात दुकानदार आणि डीलर यांच्याकडे फेऱ्या मारणे हेच मुख्य काम. मुलाखतीला जाणाऱ्याने आपले काम यांपैकी कोणते, हे आधी विचारून घ्यावे. शांत स्वभावाचा अभ्यासू मुलगा पहिल्या किंवा तिसऱ्या कामात चमकू शकेल. तोच चौथ्या कामात सहा महिन्यांत कंटाळेल.

या प्रत्येक कामात कायद्याची जबाबदारीही आहे आणि ती केवळ मालकावर नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून त्यांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी झाली आहे. सोनोग्राफी यंत्राचे उदाहरण तर महाराष्ट्राला नवे नाही. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम याच राज्याने १९८८ मध्ये केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे नोंदणी नसलेल्या केंद्रास असे यंत्र विकणे हाच गुन्हा ठरला. महिनाअखेरीच्या 'टार्गेट'साठी नोंदणी प्रमाणपत्र न पाहता यंत्र उतरवून देणारा विक्रेता केवळ चूक करीत नाही. तो कायदा मोडतो, आणि एका सामाजिक अपराधात भागीदारही होतो.

आकड्याच्या आत काय आहे?

आता पगाराकडे वळावे. समजा, जाहिरातीत दरमहा तीस हजार रुपये असा आकडा आहे. हा आकडा बहुधा 'सीटीसी'चा असतो. म्हणजे मालकाने भरावयाची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता आणि टार्गेट पूर्ण झाले तरच मिळणारा इन्सेन्टिव्ह हे सारे त्यात धरलेले असते. यातील निश्चित रक्कम अठरा हजार आणि उरलेली सशर्त असेल, तर घरखर्चाचा हिशेब अठरा हजारांवरच मांडला पाहिजे. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथपर्यंत फिरतीचे काम असेल आणि महिन्याला १,८०० किलोमीटर मोटारसायकल चालली, तर लिटरला ४५ किलोमीटर धरूनही चाळीस लिटर पेट्रोल लागते. म्हणजे आजच्या दराने चार हजारांहून अधिक रुपये. टायर, तेल, दुरुस्ती वेगळी. प्रवासभत्ता किलोमीटरमागे किती, तो मुख्यालयाबाहेरच्या कामालाच की सगळ्या कामाला, आणि तो किती दिवसांनी हाती येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे न घेता होकार देणे म्हणजे कंपनीचा खर्च आपल्या खिशातून भागविण्यासारखे आहे.

टार्गेट कशावर मोजले जाते, हा याहून महत्त्वाचा प्रश्न. डीलरकडे गेलेल्या मालावर मोजत असतील, तर महिन्याच्या अखेरीस न खपणारा माल डीलरच्या गळ्यात मारण्याचा मोह होतो आणि पुढच्या महिन्यात तोच माल परत येतो. यंत्रांच्या बाबतीत पैसे वसूल झाल्यावरच इन्सेन्टिव्ह मिळणार असेल, तर रुग्णालयाचे बिल थकले की प्रतिनिधीचे उत्पन्नही थकते. म्हणजे विक्रीच्या धंद्यातील जोखीम भांडवलदाराकडून निघून नोकराच्या डोक्यावर येऊन बसते. जोखीम जो उचलतो त्याला नफ्यातला वाटा मिळावा, हा अर्थशास्त्राचा जुना नियम आहे. येथे पुष्कळदा जोखीम मिळते आणि वाटा मात्र तितकासा मिळत नाही.

या नोकरांना कायद्याचे संरक्षण मिळविण्यास फार काळ लागला. औषध उद्योगातील प्रतिनिधींसाठी विक्रीसंवर्धन कर्मचारी कायदा १९७६ मध्ये झाला. त्यामागे त्यांच्या संघटनांची बरीच वर्षांची चळवळ होती. औषध प्रतिनिधी हे औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार 'कामगार' ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले, तेव्हा त्या खास कायद्याचे मोल अधिकच पटले. शल्योपकरणे, कृत्रिम अवयव आणि रोगनिदान साधने यांच्या उद्योगास तो लागू होण्यास २०११ साल उजाडावे लागले. आता हा कायदा स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांत त्याचा अंतर्भाव झाला असून, औद्योगिक संबंध संहितेच्या 'कामगार' या व्याख्येत विक्रीसंवर्धन कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे. लेखी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. परंतु व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतात. अशा वेळी ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही अशा तरुणाला 'टेरिटरी मॅनेजर' हे भारदस्त नाव कशासाठी दिले जाते, याचा विचार करावा. अधिकार ठरतात ते वस्तुतः कामाच्या स्वरूपावरून, पदाच्या नावावरून नव्हे. पण ते सिद्ध करण्याची वेळ आली, की कोर्टाच्या पायऱ्या नोकरालाच चढाव्या लागतात.

नियुक्तिपत्राबरोबर जे इतर कागद पुढे येतात तेही वाचून सही करावी. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या कंपनीत जाणार नाही, अशी हमी घेतली जाते. धंदा किंवा व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ अन्वये सामान्यतः निरर्थक ठरतो. मात्र ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास वाजवी भरपाई द्यावी, अशी अट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात वैध मानली आहे. म्हणून बंधपत्राची रक्कम आणि मुदत तपासणे आवश्यक आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, कोरा धनादेश मागणे, अनामत म्हणून रोख भरावयास लावणे, असे प्रकार दिसताच तेथून उठून यावे. त्याचा पश्चात्ताप होणार नाही.

प्रामाणिक विक्रेत्याची जागा

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोडसाळ नाही. ज्याच्या घरी दोन एकर धान आणि बहिणीच्या शिक्षणाचा खर्च आहे, त्याने इतके प्रश्न विचारीत बसावे काय? त्याने नाही म्हटले तर दुसरा तयार असतो. आक्षेपात तथ्य आहे. किंबहुना म्हणूनच प्रामाणिकपणाचा सगळा भार एका तेवीस वर्षांच्या तरुणावर टाकणे अन्यायाचे आहे. डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देण्यावर केलेला खर्च करातून वजा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरविले. वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी स्वतंत्र आचारसंहिता सप्टेंबर २०२४ मध्ये आली आणि तिने अशा भेटवस्तूंना मनाई केली. परंतु संहितेचा अंमल प्रामुख्याने उद्योगाच्याच संघटनांनी नेमलेल्या समित्यांकडे आहे. वर कागदावर संहिता आणि खाली दरमहा वाढते टार्गेट, या दोहोंमध्ये चिरडला जातो तो प्रतिनिधी. पकडला गेला तर तो त्याचा वैयक्तिक दोष ठरतो. न पकडला गेला तर ती कंपनीची वाढ ठरते.

तरीही ही नोकरी त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. त्याच्या उच्चाटनासाठी राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्याचे यश गावपातळीवरच्या चाचणी साधनांवर, ती वापरणाऱ्याच्या प्रशिक्षणावर आणि साहित्याच्या अखंड पुरवठ्यावर अवलंबून आहे. सालेकसा किंवा देवरीच्या एखाद्या आरोग्य केंद्रातील यंत्र बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचणारा, परिचारिकेला ते पुन्हा शिकविणारा आणि हे यंत्र आपल्या केंद्राला नको, लहान पुरेल, असे स्पष्ट सांगणारा प्रतिनिधी हा आरोग्यव्यवस्थेचाच एक सेवक आहे. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे असा अहवाल आला होता, की तेथील शासकीय रुग्णालयास मिळालेल्या दीडशे व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले ११३ सदोष निघाले. यंत्र पोहोचले म्हणजे उपचार पोहोचले असे होत नाही, हे साथीच्या त्या दिवसांनी शिकविले. आपल्या भागाची बोली, रस्ते आणि माणसे ओळखणारा पदवीधर ही उणीव जितकी भरून काढील, तितकी बाहेरून आठवड्याला एकदा येणारा माणूस काढू शकणार नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. महाविद्यालयांच्या रोजगार कक्षांनी मुलाखतीसाठी येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून निश्चित वेतन, इन्सेन्टिव्हची पद्धत, प्रवासभत्ता आणि बंधपत्र यांचा तपशील आधी लेखी मागवून सूचनाफलकावर लावावा. एकटा विद्यार्थी विचारण्यास कचरतो, संस्थेने कचरण्याचे कारण नाही. सार्वजनिक रुग्णालयांच्या खरेदीत किमतीबरोबरच दुरुस्तीची मुदत, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांना ठोस गुण असावेत, म्हणजे सेवा देणारी कंपनी टिकेल आणि तिचा सेवाभावी नोकरही टिकेल. राज्याने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आहे, त्यामुळे हे अशक्य नाही. आणि कंपन्यांनी इन्सेन्टिव्ह केवळ विकलेल्या नगांवर न देता यंत्र चालू राहिल्याच्या दिवसांवर व तक्रारनिवारणावरही द्यावा, ही मागणी प्रतिनिधींच्या संघटनांनी वेतनवाढीइतक्याच आग्रहाने मांडावी.

कुडव्यातील एखाद्या घरात आज नियुक्तिपत्र आले असेल, तर त्याला सरसकट नकार देण्याचे कारण नाही. निश्चित वेतनावर घर चालत असेल, अटी लेखी असतील, आणि विकावयाची वस्तू आपल्याच आईवडिलांना लागली असती तर निःशंकपणे सुचविली असती असे वाटत असेल, तर नोकरी अवश्य स्वीकारावी आणि मान ताठ ठेवून करावी. या तिन्हींपैकी शेवटची अट पुरी होत नसेल, तर तीस हजारांचा आकडाही महागच पडतो. पदवीधर तरुणावर असा हिशेब करण्याची वेळ येऊ नये, इतपत पर्याय जिल्ह्यात निर्माण करणे हे अर्थात शासनाचे आणि समाजाचे काम आहे, आणि ते अजून व्हावयाचे आहे.